फ्रीजरमधल्या कुपीपासून कायद्यापर्यंत : छोट्या प्रयोगशाळांसाठी जैवसुरक्षेची वाट

काही वर्षांपूर्वी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातला जुना फ्रीजर रिकामा करण्याचे काम माझ्याकडे आले. तळाच्या कप्प्यात बर्फात रुतून बसलेली एक पेटी निघाली आणि तिच्यातल्या एका कुपीवर निळ्या मार्करने, अर्धवट पुसलेले, एवढेच लिहिलेले होते : ‘बी. ए. – ३’. कुपी ठेवणारे सर केव्हाच निवृत्त झाले होते आणि नोंदवही कोणालाच सापडत नव्हती. ती अक्षरे ‘ब्लड अगार’ची, म्हणजे जंतू वाढवण्याच्या साध्या माध्यमाची असतील तर काळजीचे फारसे कारण नव्हते, ‘ब्रुसेला अबॉर्टस’ची असतील तर तो गाई-म्हशी गाभडवणारा आणि माणसाला महिनोन्‌महिने तापाने बेजार करणारा जंतू ठरला असता, आणि ‘बॅसिलस अँथ्रॅसिस’ची, म्हणजे काळपुळीची असतील, तर गोष्ट त्याहूनही गंभीर होती.

कुपी उघडून वाढवून पाहू या, असे एका उत्साही विद्यार्थ्याने सुचवले. तसे करायचे नसते. ओळख न पटलेली कुपी ही तिच्याबाबतच्या सर्वांत वाईट शक्यतेची आहे असे धरून चालायचे, ती न उघडता ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, घालायची आणि ती का, कधी व कोणासमक्ष नष्ट केली याची नोंद सहीनिशी ठेवायची. आम्ही तेच केले. तेव्हापासून मात्र बायोसेफ्टीचे नियम विचारायला येणाऱ्यांच्या हाती कायद्यांची यादी देणे मी सोडून दिले आहे. मी त्यांना आधी फ्रीजर उघडायला सांगतो. कायदे दिल्लीत झालेले असोत किंवा करार परदेशात, ते लागू होतात कुपीच्या प्रवासाला : ती कोठून आली, कोठे ठेवली, तिच्यावर काय प्रयोग केला, ती कोणाला पाठवली आणि शेवटी तिचे काय झाले. पुढचे मार्गदर्शन त्याच क्रमाने, महाविद्यालये, पॅथॉलॉजी लॅब, पशुवैद्यकीय दवाखाने, दूध संघांच्या तपासणी शाळा आणि लहान जैवतंत्र उद्योग यांच्यासाठी लिहिले आहे.

दोन शब्दांची गल्लत

जैवसुरक्षा म्हणजे बायोसेफ्टी आणि जैवसंरक्षण म्हणजे बायोसिक्युरिटी. जंतूंपासून माणसे, गुरे, पिके आणि परिसर यांना जपणे हे पहिले; जंतू चुकीच्या माणसाच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांना जपणे हे दुसरे. हातमोजे पहिल्यासाठी असतात, कुलूप दुसऱ्यासाठी. आपल्याकडे हातमोज्यांची सवय बऱ्यापैकी लागली आहे. फ्रीजरची किल्ली मात्र अजूनही शिपायाच्या टेबलाच्या खणात असते.

या दोहोंसाठी भारतात एकच सर्वसमावेशक कायदा नाही. जैवतंत्रज्ञान नियामक प्राधिकरणाचे विधेयक २०१३ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते, पण ती लोकसभा विसर्जित झाली तसे तेही बारगळले. त्यामुळे आजही पर्यावरण, आरोग्य, पशुसंवर्धन, व्यापार आणि संरक्षण अशा निरनिराळ्या खात्यांच्या कायद्यांतून आपला भाग आपणच वेचून घ्यावा लागतो.

आधी यादी करावी

पहिले काम साठ्याच्या नोंदवहीचे. प्रत्येक कुपीसमोर जंतूचे पूर्ण नाव लिहावे, आद्याक्षरे लिहू नयेत. मूळ कोठून मिळाले, कोणी आणले, तारीख, कुप्यांची संख्या, फ्रीजर-कप्पा-पेटी-घर असा पत्ता, प्रयोजन आणि किल्ली कोणाकडे असते, हेही लिहावे. त्यापुढे धोका-गट लिहावा. निरोगी माणसाला सहसा आजार न करणारे जंतू पहिल्या गटात येतात, आणि गंभीर आजार करून सहज पसरणारे, ज्यांवर बहुधा उपचार किंवा लस नसते, ते चौथ्या गटात. जैवतंत्रज्ञान विभागाने २०१७ मध्ये काढलेल्या जैवसुरक्षेच्या मार्गदर्शक तत्त्वांत जंतूंच्या याद्या गटवार दिलेल्या आहेत. अंदाजाने गट ठरवू नये, यादीत पाहूनच लिहावा.

गट आणि प्रयोगशाळेची पातळी, म्हणजे बीएसएल-१ ते बीएसएल-४, यांचा संबंध जवळचा असला तरी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गट जंतूचा असतो, पातळी कामाची असते. एकाच जंतूच्या रक्तनमुन्यावर साधी चाचणी करणे आणि त्याच जंतूची भरघोस वाढ करणे, यांसाठी लागणारी पातळी वेगळी असू शकते. आपल्याकडची बहुतेक महाविद्यालये आणि लॅब पहिल्या किंवा दुसऱ्या पातळीवर काम करतात. चौथ्या पातळीची सोय हवी असेल, तर जवळचे ठिकाण पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था.

यादी करताना ज्या कुप्यांचे प्रयोजन कोणालाच सांगता येत नाही, त्या राखून ठेवण्याचा मोह टाळावा. ‘कधीतरी लागेल’ हे भांडीकुंडी साठवण्याला ठीक आहे.

जनुकांशी काम होत असेल तर

पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ याखाली ५ डिसेंबर १९८९ रोजी जे नियम अधिसूचित झाले, ते धोकादायक सूक्ष्मजीव आणि जनुकीय बदल केलेले जीव किंवा पेशी यांचे उत्पादन, वापर, आयात, निर्यात व साठवण यांना लागू आहेत. बाजारातून किट आणून एखाद्या जिवाणूत प्लास्मिड (डीएनएचे छोटे कडे) घालण्याचे प्रात्यक्षिक एमएस्सीच्या वर्गात होत असेल, तरी आपण या नियमांच्या कक्षेत आलो, हे अनेक विभागांच्या गावीही नसते.

अशा संस्थेला संस्थात्मक जैवसुरक्षा समिती, म्हणजे आयबीएससी, नेमावी लागते. तीत संस्थाप्रमुख, डीएनएविषयक काम करणारे शास्त्रज्ञ, एक वैद्यकीय तज्ज्ञ आणि जैवतंत्रज्ञान विभागाने नेमलेला प्रतिनिधी असतो. नोंदणी भारतीय जैवसुरक्षा ज्ञान पोर्टलवर होते. प्रयोगांचे तीन वर्ग आहेत. पहिल्या वर्गातल्या प्रयोगाची माहिती समितीला द्यायची, दुसऱ्यासाठी समितीची पूर्वमंजुरी घ्यायची आणि तिसऱ्यासाठी समितीनंतर जैवतंत्रज्ञान विभागातील आरसीजीएम या पुनरीक्षण समितीचीही मंजुरी येईपर्यंत थांबायचे. शेतात, बाजारात किंवा परिसरात सोडण्याची वेळ आली की प्रकरण केंद्रीय पर्यावरण मंत्रालयातील जीईएसी या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीकडे जाते. २००२ मध्ये बीटी कापूस याच समितीच्या मंजुरीने आला. बीटी वांग्यावर २०१० मध्ये आलेली स्थगिती मंत्रालयाची होती. बाहेरचे जनुक न घालता केलेल्या काही प्रकारच्या जनुक-संपादित वनस्पतींना मार्च २०२२ पासून या नियमांतल्या काही तरतुदींतून सूट आहे. ती सूट वनस्पतींची आहे, जिवाणूंची नव्हे.

जिल्हा पातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असण्याची तरतूदही याच नियमांत आहे. ती कागदावरून प्रत्यक्षात किती उतरली, हा वेगळा विषय. पण आपल्या आवारात मोठा अपघात झाल्यास काय करायचे याचा आराखडा जिल्हाधिकारी कार्यालयाला माहीत असणे आपल्याच हिताचे आहे. जनविश्वास कायद्यानंतर, १ एप्रिल २०२४ पासून, पर्यावरण कायद्याच्या उल्लंघनासाठी बहुतांशी तुरुंगवासाऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंत दंडाची व्यवस्था आली आहे. तुरुंग टळला म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनी पंधरा लाख हा आकडा आपल्या विभागाच्या वार्षिक अनुदानाशेजारी ठेवून पाहावा.

दुधाच्या जिल्ह्यातला ब्रुसेला

ज्या जिल्ह्यात घरटी म्हैस आणि गावोगावी दूध संस्था आहे, तिथे ब्रुसेलाबद्दल सविस्तर बोलणे भाग आहे. प्रयोगशाळेत काम करताना होणाऱ्या जिवाणूजन्य संसर्गांत हा जंतू जगभर अग्रभागी आहे. तो हळू वाढतो, त्यामुळे रक्ताच्या कल्चर-बाटलीत, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवण्याच्या बाटलीत, तीन-चार दिवसांनी बारीक, ग्रॅम-निगेटिव्ह, गोल-लांबट जिवाणू दिसले की तंत्रज्ञ तो कोणता म्हणून उघड्या टेबलावर चाचण्या करत बसतो, कधी कधी प्लेटचे झाकण उचलून वासही घेतो. आणि नेमका हा जंतू हवेतल्या सूक्ष्म थेंबांतून श्वासावाटे शिरतो. असे जिवाणू दिसताच प्लेट टेपने बंद करावी, पुढचे काम जैवसुरक्षा कॅबिनेटमध्येच करावे आणि ओळख पटवण्यासाठी योग्य पातळीच्या प्रयोगशाळेची मदत घ्यावी.

येथे एक चूक इतकी सार्वत्रिक आहे की ती वेगळी सांगतो. महाविद्यालयांतला ‘लॅमिनार’ म्हणजे जैवसुरक्षा कॅबिनेट नव्हे. लॅमिनारमधली स्वच्छ हवा नमुन्यावरून वाहत थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. नमुना जपला जातो, माणूस नाही. दुसऱ्या श्रेणीच्या कॅबिनेटमध्ये समोरची हवा आत ओढली जाते आणि गाळून बाहेर सोडली जाते. दोन्हींची काच सारखीच दिसते, म्हणून ओळखायची खूण सांगतो : पंखा चालू करून टिश्यूपेपरची पट्टी उघड्या तोंडाशी धरावी. पट्टी आपल्याकडे फडफडली तर तो लॅमिनार आहे, त्यात रोगजंतू हाताळू नयेत. ही झाली केवळ ओळख पटवण्याची युक्ती. कॅबिनेटची प्रमाणित तपासणी दरवर्षी करून घ्यावीच लागते.

कायद्याच्या बाजूने, प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांचा प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २००९ याच्या अनुसूचीत ब्रुसेलोसिस आहे. जनावराला अनुसूचित रोग झाल्याची शंका आल्यास पशुपालकाने गावपातळीवर आणि तिथून पशुवैद्यकाकडे कळवणे बंधनकारक आहे. त्याच कायद्यात लस, रक्तद्रव्ये, निदान-साहित्य किंवा औषधे यांवर काम करणाऱ्या संस्थांवरही एक स्पष्ट जबाबदारी टाकली आहे : अनुसूचित रोगाचा जंतू बाहेर निसटू नये याची तजवीज करणे आणि निसटलाच तर संबंधितांना सावध करून त्यांचे संरक्षण करणे. ही तरतूद वाचताना चीनमधले लांजोऊ शहर आठवावे. २०१९ च्या उन्हाळ्यात तिथल्या एका कारखान्यात ब्रुसेलाची जनावरांची लस बनवताना मुदत संपलेले जंतुनाशक वापरले गेले, बाहेर सोडलेल्या वायूतले जंतू पुरते मेले नाहीत आणि पुढे दहा हजारांहून अधिक लोकांच्या रक्तात संसर्गाच्या खुणा आढळल्या. जंतुनाशकाच्या डब्यावरची तारीख पाहणे हे शिपायाचे काम आहे, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी हे उदाहरण आहे.

आपल्याकडे राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस देतात. ती जिवंत लस आहे. वासरू उसळले आणि सुई लस टोचणाऱ्याच्या हाताला लागली, तर ‘एवढ्याशाने काय होते’ म्हणून सोडून न देता जखम धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि लसीच्या कुपीवरचे नाव त्यांना दाखवावे, कारण कोणते औषध चालेल हे लसीतल्या वाणावर अवलंबून असते.

कचऱ्याचा हिशेब

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ हे रुग्णालयांपुरतेच आहेत हा समज चुकीचा आहे; पशुवैद्यकीय संस्था, रक्तपेढ्या, पॅथॉलॉजी लॅब, संशोधन व शैक्षणिक संस्था, इतकेच काय, लसीकरण शिबिरेही त्यांत येतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून प्राधिकारपत्र घ्यावे लागते. मंडळाचे प्रादेशिक कार्यालय कोल्हापुरातच असल्याने अंतराची सबब नाही. पिवळी, लाल, पांढरी आणि निळी ही वर्गवारी बहुतेकांना पाठ असते. चूक होते ती त्याआधीच्या पायरीवर : प्रयोगशाळेतील कल्चर, नमुने आणि रक्ताच्या पिशव्या पिवळ्या पिशवीत घालून गाडीवाल्याच्या हवाली करण्यापूर्वी आपल्याच आवारात निर्जंतुक करायच्या असतात. गाडी येणारच आहे, हे न करण्याचे कारण होत नाही.

साध्या ऑटोक्लेव्हसाठी नियमांतले मोजमाप १२१ अंश सेल्सियस, १५ पौंड दाब आणि किमान ६० मिनिटे असे आहे. माध्यम निर्जंतुक करण्याची पंधरा मिनिटांची सवय कचऱ्याला लावू नये. पिशवीच्या मध्यापर्यंत वाफ पोचायला वेळ लागतो. पिशवीला लावलेल्या ऑटोक्लेव्ह-टेपवरच्या रेघा काळ्या झाल्या म्हणजे टेप तापली, एवढेच सिद्ध होते. आतले जंतू मेले की नाही हे पाहायचे तर दहा लाख उष्णतारोधक बीजाणू असलेली पट्टी गठ्ठ्याच्या पोटात ठेवून नंतर वाढवून पाहावी लागते.

निर्जंतुक न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. दिवाळीच्या सुटीला जोडून प्रात्यक्षिके ठेवणाऱ्यांनी हे आधी पाहावे. कर्मचाऱ्यांना दरवर्षी प्रशिक्षण, कावीळ-बी व धनुर्वाताची लस, पाच वर्षांच्या नोंदी आणि दरवर्षी ३० जूनपर्यंत वार्षिक अहवाल, हेही याच नियमांत आहे. १९८९ च्या नियमांखाली येणारे धोकादायक किंवा जनुकीय बदल केलेले सूक्ष्मजीव मात्र कचऱ्याच्या या नियमांतून वगळलेले आहेत. त्यांची विल्हेवाट आयबीएससीने ठरवलेल्या पद्धतीने लावावी.

कुपी दाराबाहेर जाते तेव्हा

थर्मोकोलचा डबा रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरजवळ देऊन सकाळी पुण्यात उतरवून घेणे ही पद्धत सोयीची वाटते, पण तिच्यात डब्यात काय आहे हे ड्रायव्हरला माहीत नसते आणि अपघात झाला तर पोलिसांनाही. तिहेरी वेष्टन ही किमान शिस्त आहे : न गळणारी कुपी, तिच्याभोवती सगळा द्रव शोषून घेईल इतका कापूस, न गळणारा दुसरा डबा आणि बाहेर टणक खोका. ब्रुसेलाची शंका असलेल्या गाईचे रक्त हे धोकादायक मालासाठी संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या यूएन ३३७३ या क्रमांकाखाली ‘ब’ वर्गात जाते. त्याच रक्तातून वाढवलेले ब्रुसेलाचे कल्चर मात्र ‘अ’ वर्गात, यूएन २८१४ खाली येते आणि त्यासाठी वेगळे प्रमाणित वेष्टन, घोषणापत्र व प्रशिक्षित पाठवणारा लागतो. जंतू एक, पण रूप बदलले की नियम बदलला. खोक्यावरचा क्रमांक लिहिण्यापूर्वी हा भेद तपासावा.

सीमेपलीकडे पाठवायचे असेल तर विदेशी व्यापार कायद्याखालची ‘स्कोमेट’ यादी, म्हणजे नागरी व लष्करी दोन्ही उपयोग होऊ शकणाऱ्या नियंत्रित वस्तूंची यादी, उघडावी. तिच्या दुसऱ्या गटात सूक्ष्मजीव व विषे आहेत. त्यांत प्लेग, काळपुळी, कॉलरा यांचे जंतू आहेत आणि ब्रुसेलाही. परदेशी सहकाऱ्याला असे कल्चर पाठवण्यापूर्वी विदेशी व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो, आणि नियंत्रित तंत्रज्ञानाचा तपशील ईमेलने पाठवणे हीदेखील निर्यातच समजली जाते. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतींत स्टेनलेस स्टीलची भांडी आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्यांनीही ही यादी पाहावी. भारत १९ जानेवारी २०१८ रोजी ज्या ऑस्ट्रेलिया ग्रुपचा, म्हणजे रासायनिक व जैविक शस्त्रांना उपयोगी वस्तूंच्या निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या देशांच्या गटाचा, सदस्य झाला, त्याच्या यादीत जागेवरच निर्जंतुक करता येणारे, २० लिटर किंवा त्याहून मोठे फर्मेंटर, म्हणजे जंतू वाढवण्याच्या टाक्या, नियंत्रित आहेत. फर्मेंटर दह्याच्या विरजणासाठी घेतला आहे की आणखी कशासाठी, हे विचारणे निर्यातदाराच्या कर्तव्याचा भाग आहे.

राधानगरी किंवा आंबा घाटाच्या मातीतून वेगळा केलेला निरुपद्रवी जिवाणूही जैविक साधनसंपत्तीच आहे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार परदेशी व्यक्तीला किंवा संस्थेला तो देण्यापूर्वी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी घ्यावी लागते. नवी जात सापडल्यास तिचा नमुना पुण्यातील राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रासारख्या नियुक्त संग्रहालयात जमा करायचा असतो.

करार कोल्हापूरपर्यंत कसे पोचतात

जैविक शस्त्रबंदी करार २६ मार्च १९७५ रोजी अमलात आला. भारताने त्याला १९७४ मध्येच अनुसमर्थन दिले होते. या कराराची खासियत अशी की त्यात बंदी घातलेल्या जंतूंची यादीच नाही. प्रतिबंधक, संरक्षक किंवा अन्य शांततामय कारणाने समर्थन करता येणार नाही असा कोणताही जंतू, असे प्रमाण, बाळगायचे नाही, एवढेच तो म्हणतो. म्हणजे प्रश्न ‘तुमच्याकडे काय आहे’ एवढाच नसून ‘एवढे कशासाठी’ हाही आहे, आणि नोंदवहीतला ‘प्रयोजन’ व ‘संख्या’ हा रकाना त्याचेच उत्तर आहे. करारात तपासणी पथकांची व्यवस्था नाही. देश दरवर्षी विश्वासवर्धक माहिती सादर करतात आणि ती माहिती शेवटी प्रयोगशाळांच्याच नोंदींतून येते.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २८ एप्रिल २००४ रोजी ठराव क्रमांक १५४० करून बिगरसरकारी व्यक्ती व टोळ्यांना अशी शस्त्रे मिळू नयेत यासाठी कायदे करण्याचे बंधन सर्व देशांवर घातले. भारताचा २००५ चा सामूहिक संहारक शस्त्रांविषयीचा कायदा त्याच्या पुढच्याच वर्षीचा. जैविक शस्त्र बेकायदा बनवणे, मिळवणे किंवा बाळगणे याला त्यात किमान पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीने अशा कामाला पैसा पुरवण्यावरही बंदी आली.

११ सप्टेंबर २००३ पासून अमलात असलेला कार्टाजेना करार जनुकीय बदल केलेल्या जिवंत जीवांच्या सीमापार वाहतुकीचा आहे. आपल्यापुरता त्याचा अर्थ १९८९ च्या नियमांतून आणि पार्सलसोबतच्या कागदपत्रांतून पूर्ण होतो, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली, २००५ मात्र रोजच्या कामाची आहे. तिच्यानुसार देशाने घटनेचे मूल्यमापन ४८ तासांत आणि त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेला सूचना २४ तासांत करायची असते. हे घड्याळ दिल्लीत चालू व्हायचे, तर आपल्या लॅबचा ‘एल’ नमुना, म्हणजे तपासणीत आढळलेले आजार कळवण्याचा अर्ज, एकात्मिक आरोग्य माहिती पोर्टलवर वेळेत भरला गेला पाहिजे. मुंबईतल्या प्लेगमुळे १८९७ साली साथरोग कायदा झाला, तो प्लेग संस्थानी कोल्हापुरातही पोचला होता. तेव्हा बातमीच्या पुढे रोग धावत असे. आज तसे होण्याला न भरलेला अर्ज एवढेच कारण पुरते.

सांडले, फुटले, पाणी आले

सेंट्रिफ्यूजमध्ये नळी फुटल्याचा आवाज आला तर झाकण उघडू नये. यंत्र बंद करून तीस मिनिटे थांबावे, म्हणजे हवेतले थेंब खाली बसतात. टेबलावर सांडल्यास कापडाने झाकून, कडेकडून मध्याकडे जंतुनाशक ओतून, ठरलेला वेळ ते तसेच राहू द्यावे. अपघाताची नोंद त्याच दिवशी करावी आणि नोंद करणाऱ्याला ओरडू नये, कारण एकदा ओरडा खाल्लेला विद्यार्थी दुसऱ्यांदा सांगत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याशी संबंधित मोठा अपघात प्रदूषण नियंत्रण मंडळाला नमुना-१ मध्ये कळवावा लागतो.

आपल्या गावाला यात पुराची भर आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत ज्या प्रयोगशाळांचे फ्रीजर तळमजल्यावर होते, त्यांनी वीज गेल्यावर कुप्या वाचवायच्या की माणसे, अशा पेचात दिवस काढले. धोका-गट दोन आणि त्यावरच्या जंतूंचा साठा वरच्या मजल्यावर, कुलपात ठेवावा. कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या जून ते सप्टेंबर जमिनीवर ठेवू नयेत. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. नोंदवहीच्या पहिल्या पानावर असे लिहून ठेवावे की पाणी ३९ फुटांवर गेल्याची बातमी आली की शिल्लक कल्चर ऑटोक्लेव्ह करायची, वीज असेपर्यंतच करायची, आणि हा निर्णय घेण्यासाठी विभागप्रमुखांच्या फोनची वाट पाहायची नाही.